पाकिटातली लाटे, कॅपुचिनो : घरी करून पाहिलीय का कुणी?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. आमच्या घरात चहाचं राज्य आहे. कॉफी फक्त दोनदा होते, उपासाला आणि कुणाला सर्दी झाली की. मी मात्र अमेरिकेच्या वेळेनुसार काम करते, त्यामुळे रात्री दहाच्या मीटिंगआधी काहीतरी गरम आणि जरा लाडाचं हवं असतं. बाणेरच्या कॅफेत एका कॅपुचिनोला अडीचशे-तीनशे मोजणं जिवावर येतं आणि त्या वेळी कोथरूडहून गाडी कोण काढणार?
हल्ली वाणसामानाच्या अ‍ॅपवर लाटे आणि कॅपुचिनोची एकेका कपाची पाकिटं सारखी समोर येतात. नुसतं गरम पाणी घाला, ढवळा, झालं. फोटोत तर कपावर दोन बोटं फेस असतो. तो फेस खरंच येतो का? लाटे आणि कॅपुचिनोच्या पाकिटात काही फरक असतो, की नावं वेगळी आणि माल एकच? बाबांना डायबेटीस आहे आणि घरात एखादी गोष्ट आली की ते चाखल्याशिवाय राहत नाहीत, त्यामुळे साखरेचं काय तेही सांगा. सल्ले, शिव्या, अनुभव, सगळं चालेल.

पेठी खवचट
बाणेरला अडीचशे रुपयांत खुर्ची आणि वाय-फाय मिळतं. कॉफी वरती फुकट देतात.
बाकी अमृततुल्यांच्या गावात पाकिटातली कॅपुचिनो पिणाऱ्यांसाठी पर्वतीच्या पायऱ्यांवर प्रायश्चित्ताची सोय करायला हवी.

जिरेमिरे
@रात्रपाळी, पाकिटाची पुढची बाजू सोड, मागची वाच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, हा नियमच आहे. थ्री-इन-वनच्या, म्हणजे कॉफी, साखर आणि दुधाचा भाग एकत्र असलेल्या, बहुतेक पाकिटांवर पहिलं नाव साखरेचं असतं, मग क्रीमर (दुधाऐवजी घालतात ती तेलापासूनची पावडर) किंवा दूध पावडर, आणि कॉफी त्यानंतर कुठेतरी. म्हणजे आपण घेतो ते गोड दुधाळ पेय आणि त्यात चवीपुरती कॉफी. हे एकदा मान्य केलं की पुढची निराशा बरीच टळते.
साखरेचं म्हणशील तर पोषणमूल्यांच्या तक्त्यात दोन वेगळ्या ओळी बघायच्या, एकूण साखर आणि वरून घातलेली साखर. दूध पावडर असली की तिच्यातलं लॅक्टोज, म्हणजे दुधातली मूळची साखर, एकूण साखरेत धरलं जातं, त्यामुळे तो आकडा पाहून दचकायचं नाही. खरी बघायची ती दुसरी ओळ. आकडे १०० ग्रॅमला असतात आणि पाकीट १२ ते २० ग्रॅमचं, तेव्हा भागाकार आपणच करायचा. गोड पाकिटात सात-आठ ग्रॅम साखर सहज निघते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दोन हजार कॅलरींच्या आहारात अशी साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवा, आणि २५ च्या आत राहिली तर उत्तम. रात्रीतून तीन कप रिचवलेस तर ते २५ तिथेच जवळजवळ संपले.
क्रीमरच्या पुढे 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' लिहिलेलं असलं तर ट्रान्स फॅटचा आकडाही बघ. २०२२ पासून आपल्याकडे त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे पूर्वीइतकी भीती उरलेली नाही. पण क्रीमरमध्ये बहुधा नारळाचं किंवा पाम कर्नलचं तेल असतं, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट आलंच. दूध पावडर वापरलेलं पाकीट थोडं महाग पडतं, तरी मी तेच घेते.

मोकापॉट
सॉरी, पण याला कॅपुचिनो म्हणणं हा त्या पेयाचा अपमान आहे. कॅपुचिनो आणि लाटे दोन्हींचा पाया एस्प्रेसो. बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण ९ बार दाबाने गरम पाणी २५-३० सेकंद जातं तेव्हा ती तयार होते. त्यावर कमी दूध आणि जाड फेस घातला की कॅपुचिनो, भरपूर दूध आणि फेसाचा पातळ थर घातला की लाटे. पाकिटात एस्प्रेसो कुठून येणार? त्यात असते इन्स्टंट कॉफीची पूड. त्यापेक्षा रास्ता पेठेत जा, ताजी दळून घ्या, साधं साऊथ इंडियन फिल्टर आणा, आयुष्यभर सुखी राहाल.

आडगल्ली
@मोकापॉट, मागच्या वर्षी काकांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मी रात्री त्यांच्याजवळ असायचो. कँटीन दहाला बंद. मजल्यावर गरम पाण्याचं मशीन, हातात कागदी कप. तिथे कुणी मला फिल्टरचं डिकॉक्शन आणि ९ बारचं व्याख्यान दिलं असतं तर पुढचा पेशंट तोच झाला असता. पहाटे तीनला त्या पाकिटाने जो आधार दिला तो दिला. पीजीत राहणाऱ्या पोरांचंही तेच, गॅस नाही, दूध ठेवायला फ्रिज नाही, एक किटली काय ती. सगळ्यांनाच कॉफीचे भक्त व्हायचं नसतं हो.

मोकापॉट
दवाखान्याचं मान्य. पण धागाकर्तीच्या घरी गॅस आहे, फ्रिज आहे, आणि कोथरूडात राहते म्हणजे दारात दुधाची पिशवीही येत असणार.

भुकटीवाला
माझी बरीच नोकरी दूध पावडरीच्या प्लँटवर गेली, म्हणून फेसाबद्दल लिहितो. फेस खरा असतो, पण दूध घुसळून आलेला नसतो.
साधी दूध पावडर किंवा क्रीमर स्प्रे ड्राइंगने होतं. घट्ट केलेला द्रव उंच टॉवरमध्ये बारीक तुषारांत उडवायचा, समोरून गरम हवा सोडायची, खाली भुकटी पडते. फेस येणारं क्रीमर करताना कणांच्या आत दाबाखाली वायू कोंडून ठेवतात. प्रत्येक कण आतून पोकळ, आणि भिंत साखर आणि प्रथिनांची, काचेसारखी कडक. गरम पाणी पडलं की भिंत विरघळते आणि वायू बाहेर पडतो. क्रीमरमधली दुधाची प्रथिनं त्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. पाणी ओतल्याबरोबर कान कपाजवळ न्या, बारीक चरचर ऐकू येते. तेच ते कण फुटतायत.
आता लाटे की कॅपुचिनो. कॅपुचिनोच्या पाकिटात फेस देणाऱ्या पावडरीवर भर असतो आणि कॉफी थोडी कडक लागते. लाटेत दुधाचा भाग जास्त आणि फेस पातळ. काही कंपन्या हा फरक नीट पाळतात, काहींचा फक्त छपाईत असतो. दोन्ही पाकिटांवर कॉफीची टक्केवारी दिली असेल तर समोरासमोर धरून बघा, लगेच कळतं.
करायची पद्धत. उकळतं पाणी ओतू नका. किटली बंद झाल्यावर एक-दोन मिनिटं थांबा. ८०-८५ अंशांचं पाणी पुरतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, पण तेही जास्तच. भसकन गरम पाणी ओतलं की पावडरीचा वरचा थर ओला होऊन चिकटतो आणि आतली कोरडीच राहते, घाईत केलेल्या उपम्यात रव्याची गोळी राहते तशी. आधी दोन चमचे पाणी घालून पेस्ट करा, मग उंचावरून बाकीचं ओता, ढवळा, अर्धा मिनिट हात लावू नका, परत एकदा ढवळा. त्या अर्ध्या मिनिटात फेस बसतो, म्हणजे मोठे बुडबुडे फुटून बारीक तेवढे उरतात.
आणि पाण्याचं माप पाळा. पाकिटं बहुतेक १५० मिलीच्या हिशेबाने केलेली असतात. आपल्याकडचे मोठे मग तीनशे-साडेतीनशे मिलीचे, ते काठोकाठ भरले की 'पांचट लागते' ही तक्रार ठरलेली.

वेलदोडा
भुकटीवाला, फार छान माहिती. आमच्या आईने पाकीट पातेल्यात दुधासोबत ओतून चहासारखं खळाखळा उकळलं होतं. फेसाचा पत्ता नाही, वर तेलकट तवंग. वायू गॅसवरच उडून गेला असणार हे आता कळलं. आईचं म्हणणं, 'फेसाचे पैसे लावलेत आणि फेस काढून दिला नाही.' :ड

वाघोलीकर
आमच्याकडे टँकरचं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) भरपूर. साध्या इन्स्टंट कॉफीत दूध घातलं की कधीकधी वर बारीक कण तरंगतात, पाकिटाच्या कॉफीत मात्र कधीच नाही. पाकिटावर ३४० (ii) आणि ५५१ लिहिलंय. ही काही भानगड आहे का?

भुकटीवाला
भानगड नाही, तुमचं उत्तर त्यातच आहे. ३४० (ii) म्हणजे डायपोटॅशियम फॉस्फेट. कॉफी आम्लधर्मी असते आणि जड पाण्यात कॅल्शियम जास्त असतं. दोन्ही मिळून दुधातल्या प्रथिनांना गोळा करतात आणि बारीक कण दिसतात. फॉस्फेट कॅल्शियमला अडवतं आणि आम्लपणाही थोडा सांभाळतं, म्हणून फुटत नाही. ५५१ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, पावडर मोकळी राहावी म्हणून चिमूटभर घालतात. घाबरण्यासारखं दोन्हींत काही नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना डॉक्टर फॉस्फेट कमी करायला सांगतात, त्यांनी मात्र विचारून घ्यावं.

सायसाखर
माझी तक्रार ऐका. जुलैत एका ऑनलाइन दुकानातून मोठा डबा मागवला, एकेक पाकीट नव्हे, सुट्टी कॅपुचिनो पावडर. स्वस्त पडते म्हणून. पहिले काही दिवस फेस मस्त, मग रोज कमी कमी, आणि गणपतीपर्यंत डब्यात दगड झाला. चमचा वाकला पण ढेकूळ फुटलं नाही. तारीख बघावी तर पुढच्या वर्षाची. दुकानदार म्हणतो, उघडलेला डबा परत घेत नाही.

भुकटीवाला
@सायसाखर, पुण्यातला पावसाळा. मघाशी ज्या काचेसारख्या भिंती म्हणालो ना, त्या दमट हवेत मऊ पडतात. मऊ पडल्या की कोंडलेला वायू हळूहळू निसटतो आणि कण एकमेकांना चिकटतात. म्हणून आधी फेस गेला, मग दगड झाला, क्रम बरोबर जुळतोय. छापलेली तारीख बंद डब्याची असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकेक कपाची पाकिटंच घ्या, आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या थरामुळे दमट हवा शिरत नाही. डबाच घ्यायचा असेल तर कोरडा चमचा, घट्ट झाकण आणि गॅसच्या ओट्यापासून लांब. वाफाळत्या किटलीवर डबा धरून पावडर काढणारे लोक मी स्वतः पाहिलेत.

ताईबाई
सगळे पाकिटाच्या मागे लागलात, आपली जुनी कॉफी विसरलात का रे? आमच्या लहानपणी पोल्सनची पूड यायची, चिकोरीवाली. दुधाला उकळी, त्यात साखर, कॉफी, आणि वरून जायफळ किसायचं. जायफळाशिवाय कॉफी म्हणजे आमच्या सासूबाईंच्या मते आजाऱ्याचं पथ्य. पाहुणे आले की फेटायची कॉफी. कपात एक चमचा इन्स्टंट, दोन चमचे साखर, पाण्याचे फक्त काही थेंब, आणि चमच्याने घोटत राहायचं. आधी काळपट चिखल होतो, हात दुखायला लागतो तेव्हा रंग तांबूस होतो, आणि मग अचानक फिकट बदामी. चमचा उचलला तर पटकन खाली पडत नाही. त्यावर उंचावरून गरम दूध ओतायचं, दोन बोटं फेस, अगदी तुमच्या त्या फोटोतला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हीच गोष्ट डालगोना नावाने घरोघरी झाली तेव्हा आम्ही म्हाताऱ्या नुसत्या हसत होतो.

जिरेमिरे
ताईबाई, जायफळाला प्रचंड अनुमोदन. साखर निम्मी केली तरी ही कॉफी फेटली जाते, पण अजिबातच न घालता फेस फार टिकत नाही. साखरेमुळे मिश्रण दाट होतं आणि बुडबुड्यांमधलं पाणी लवकर खाली उतरत नाही.

पेठी खवचट
चिकोरीचा विषय निघाला म्हणून. ज्यांना आपण लहानपणापासून 'कॉफी' म्हणतो त्यातल्या बऱ्याच बाटल्या कॉफी-चिकोरी मिश्रणाच्या असतात. नियमानुसार मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि प्रमाण वेष्टनावर छापावंच लागतं. बाटली फिरवून वाचा. ४९ टक्क्यांपर्यंत भाजलेलं मूळ पिऊन रात्री झोप का आली म्हणून विचारू नका, चिकोरीत कॅफीन नसतं.
(हो, मी पण उपयोगाचं लिहितो कधीकधी.)

रात्रपाळी
बापरे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. @पेठी खवचट, तुमचा तो प्रतिसाद वाचनखुणेत टाकलाय, पुरावा म्हणून.
तर मग पाकिटं की साधी कॉफी फेटून? माझ्याकडे रात्री दोन मीटिंगांच्या मधे जेमतेम दहा मिनिटं असतात आणि त्या वेळी घोटण्याचा आवाज झाला तर आई उठते.

कढीपत्ता
मी दोन्ही करतो. तुळशीबागेत सेलवर चालणारं छोटं घुसळणं मिळतं, दांडीला स्प्रिंगसारखं गोल वेटोळं असलेलं. दोनेकशे रुपयांच्या आत मिळायला हवं, घासाघीस तुमच्यावर. आवाज टूथब्रशच्या मशीनपेक्षा जास्त नाही.
दूध गरम करा पण उकळू देऊ नका, ६०-६५ अंश. थर्मामीटर नसेल तर भांड्याला बोट लावून जेमतेम दोन सेकंद ठेवता येतं तिथे थांबा. घुसळणं पृष्ठभागाजवळ धरा म्हणजे हवा आत जाते, फुगलं की खाली न्या म्हणजे मोठे बुडबुडे फुटतात. शेवटी भांडं ओट्यावर एकदा आपटा. फेस धरतात ती प्रथिनं, साय नव्हे, त्यामुळे गाईचं किंवा टोन्ड दूध जास्त फुलतं. म्हशीचं ६ टक्के फॅटवालं कमी फुलतं, पण चव भारी. चितळे, कात्रज, जे येत असेल ते चालेल, फक्त साय काढून घ्या.
एक चमचा चांगली इन्स्टंट थोड्या गरम पाण्यात विरघळवायची, त्यावर हे दूध. भांडी विसळण्यासकट पाच-सहा मिनिटं. साखर आपल्या हातात, म्हणजे बाबांचाही प्रश्न सुटला. पाकिटांचा डबा मी ऑफिसच्या खणात ठेवलाय, तिथे दूध म्हणजे मशीनमधलं पांढरं पाणी असतं.

गोळीवाली
बाबांच्या प्रश्नाला जोडून. 'शुगरफ्री' किंवा 'अनस्वीटन्ड' पाकिटंही मिळतात. दूध पावडर असेल तर लॅक्टोजमुळे हलकी गोडी लागते, आणि काहींना ती पुरते. पण क्रीमरमध्ये ग्लुकोज सिरप असू शकतं. साखर नाही असं वाटून बाबांनी तीन कप प्यायचे नाहीत, कर्बोदकांची ओळ बघायची. आणखी एक, 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या क्रीमरमध्ये सोडियम केसिनेट असतं, ते दुधाचंच प्रथिन. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी त्या नावावर जाऊ नये.
थायरॉइडची गोळी घेणाऱ्या भरपूर जणी इथे आहेत म्हणून सांगते, गोळीबरोबर कॉफी नको. कॉफीने तिचं शोषण कमी होतं. निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, तास गेला तर उत्तम. कॅफीनची निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि गरोदरपणी २०० ही सर्वसाधारण मर्यादा धरतात. पाकिटात कॉफी मुळात कमी, त्यामुळे मर्यादा ओलांडायची भीती कमी. पण रात्री दहाच्या कपातलं निम्मं कॅफीन पाच तासांनंतरही अंगात असतं. रात्रपाळी, तू झोपतेस कधी त्यावर ठरव.

रात्रपाळी
तीनला झोपते. म्हणजे निम्मं अजून जागं असणार! शेवटचा कप साडेआठला करते आता.
ठरलं. घुसळणं आणि साधी इन्स्टंट घरी, अनस्वीटन्ड पाकिटांचा सगळ्यात छोटा खोका आणीबाणीसाठी. मोठा डबा दिवाळीनंतर.

आडगल्ली
आणि ती रिकामी पाकिटं कचऱ्यात कुठे? चकाकणारी बघून धातू म्हणून वेगळी काढू नका. आत अ‍ॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिक चिकटलेलं असतं, वेगळं करणं सोपं नाही, त्यामुळे भंगारवाला हातही लावत नाही. सुक्या कचऱ्यात टाका, आणि आधी झटकून रिकामी करा. आमच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येतात, त्यांना त्या चिकट पाकिटांवरच्या मुंग्यांचा फार त्रास होतो.

वेलदोडा
एक शेवटचं. ही पाकिटं थंड दुधात मिक्सरला लावली तर कोल्ड कॉफी होते का? लेक मागे लागलीय, दर रविवारी कोल्ड कॉफीसाठी कोथरूडला दुर्गा कॅफेच्या गर्दीत उभं राहायचा कंटाळा आलाय.

भुकटीवाला
थेट थंड दुधात नको. क्रीमरमधलं फॅट थंडीत घट्टच राहतं, वर पांढरे ठिपके तरंगतील. आधी पाव कप गरम पाण्यात पाकीट पूर्ण विरघळवून घ्या, गार होऊ द्या, मग थंड दूध आणि बर्फ घालून फिरवा. बहुतेक पाकिटांत साखर असतेच, वेगळी घालण्याआधी चाखून बघा.

वेलदोडा
धन्यवाद! रविवारी करून कळवते. जायफळ घालू की नको?

ताईबाई
घाल गं. विचारतेस काय.

मोकापॉट
थंड कॉफीत जायफळ?? मी चाललो.